थ्री नॉट थ्री पुन्हा उभी करताना

कॉलेजात एनसीसी केलेल्या माणसाला थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ ची जुनी फौजी रायफल, काय चीज आहे हे सांगावं लागत नाही. खांद्याला टोचणारा दस्ता, तळहाताला चिकटलेला तेलाचा वास आणि "चिंदी कहाँ है?" म्हणून खेकसणारा हवालदार, एवढं सगळ्यांना आठवतं. साताऱ्यात आम्हाला मिळायच्या त्या बंदुकांवर डी.पी. अशी अक्षरं ठोकलेली असायची, म्हणजे फक्त कवायतीसाठी. त्यानंतर तीसेक वर्षांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका गन शोमध्ये टेबलाखालच्या खोक्यात एक बोडकी रायफल दिसली. पुढचं लाकूड अर्ध्यात कापलेलं, नळी उघडी, दस्त्यावर चकचकीत व्हार्निश. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलणारी सरकती सळई, तिच्या दांडीखाली अंगठ्याने धूळ पुसली तर मुकुट दिसला, त्याखाली जी.आर.आय., त्याखाली ईशापूर आणि १९४३. हुगळीकाठच्या कारखान्यातली बंदूक इथे, हरणं मारायला. मी घासाघीस न करताच घेतली.

तिला पुन्हा शिपायाच्या हातातली बंदूक करण्यात पुढचं दीड वर्ष गेलं. पहिल्यांदाच असलं काम करणाऱ्याला उपयोगी पडेल ते इथे लिहितो आहे. उदाहरण माझ्या बंदुकीचं, म्हणजे ली-एनफील्ड नंबर १ मार्क ३ तारा या जातीचं. जर्मन माउझर किंवा रशियन मोसिन असेल तर स्क्रू वेगळे, बाकी धडा बराचसा हाच.

कायद्याचं आधी

भारतातल्या वाचकांनी हा लेख गंमत म्हणून वाचावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली .३०३ हा बोअर (नळीचं माप) सामान्य परवानाधारकाला बंद आहे. म्हणूनच ईशापूरच्या कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ ची रायफल काढली. तिची यंत्रणा ली-एनफील्डचीच, काडतूस मात्र वेगळं. वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या काळातली एखादी सापडली तर पॉलिश करत बसू नका, परवाना कार्यालयाचा रस्ता धरा.

अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात, तेव्हा आपल्या राज्याचे वाचा. दोन गोष्टी मात्र सगळीकडे सारख्या. रिसीव्हर म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो मधला लोखंडी सांगाडा, त्याच्यावरचा नंबर खोडणं किंवा बदलणं हा फेडरल गुन्हा आहे, गंज काढतानासुद्धा त्या जागी कानस फिरवू नका. आणि सुट्टीत पुण्याला जाताना भावाला दाखवायला म्हणून बोल्ट किंवा जुनं काडतूस बॅगेत टाकू नका. भारतीय कायद्यात शस्त्राचा सुटा भाग हेसुद्धा शस्त्रच, आणि विमानतळावर एनसीसीच्या आठवणी ऐकायला कुणाला वेळ नसतो.

आधी वाचा, मग हात लावा

नवखा माणूस पहिल्या दिवशी स्क्रूड्रायव्हर उचलतो. तो खाली ठेवा. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही बघा. रिकामी आहे याची खात्री झाली की वही घ्या आणि बंदुकीवरची एकूण एक खूण उतरवून काढा, फोटोसह.

बोल्टच्या दांडीखाली, दस्ता जिथे लोखंडात शिरतो त्या कड्याच्या उजव्या अंगाला जन्मदाखला असतो: कारखाना, साल, मार्क. जी.आर.आय. म्हणजे जॉर्ज रेक्स इम्पेरेटर, बादशाही जमाना. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले आणि आर.एफ.आय., म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर, ही अक्षरं आली. बाण आणि त्याच्याखाली आय असेल तर ती हिंदुस्थान सरकारच्या मालकीची खूण. नंबर एकाच जागी नसतो. रिसीव्हरवर असतो, बोल्टच्या दांडीच्या मागे असतो, नळीवर, नोजकॅपखाली (नळीच्या टोकाशी लाकडावर बसणारी लोखंडी टोपी), नेम धरायच्या मागच्या साइटच्या पट्टीखाली आणि पुढच्या लाकडाच्या टोकाला खालच्या बाजूनेही असतो. किती ठिकाणी जुळतो ते लिहून ठेवा.

मग शोधा एफ.आर. आणि त्यापुढे दोन आकडे. ही कारखान्यातल्या मोठ्या दुरुस्तीची खूण. सगळ्या कामाची दिशा इथेच ठरते. १९४३ साली जन्मलेली बंदूक १९५१ साली दुरुस्त झाली असेल, तर तुम्ही तिला कोणत्या सालात परत नेणार? जन्मसालात नेलंत तर १९५१ चं लाकूड चुकीचं, दुरुस्तीच्या सालात नेलंत तर तेच बरोबर. काळाला धरून असलेलं अंग म्हणजे जुनं अंग नव्हे, त्या ठरलेल्या सालाला शोभणारं अंग. माझं मत विचाराल तर ज्या अवस्थेत ती शेवटची फौजेतून बाहेर पडली ती अवस्था खरी. जन्मसालाचा हट्ट धरणारे लोक भेटतील, त्यांच्याशी वाद घालण्यात संध्याकाळ छान जाते.

एक चूक मात्र सर्रास दिसते. मूळ मार्क ३ ला मॅगझिनवर सरकून त्यातली काडतुसं अडवणारी कटऑफची पट्टी होती आणि डाव्या अंगाला लांब पल्ल्याची व्हॉली साइट होती. १९१६ मध्ये युद्धाच्या घाईत ही अंगं वगळली गेली आणि मार्क ३ च्या नावापुढे तारा लागला. आता १९४३ च्या तारावाल्या बंदुकीला लोक हौसेने व्हॉली साइटची तबकडी बसवतात, कारण ती दिसते सुंदर. नातीला पणजीची नथ घालावी तसं होतं ते. लग्नात चालेल, इतिहासात नाही.

घ्यायची की सोडायची

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फौजी बंदुका कवडीमोलाने मिळत. शिकाऱ्यांनी त्या घेतल्या, वजन कमी करायला लाकूड कापलं, वरचं हँडगार्ड, म्हणजे नळीवरचं लाकडी झाकण, फेकून दिलं. इकडे याला स्पोर्टर करणं म्हणतात. कापलं नुसतं लाकूड असेल तर बंदूक वाचते. लोखंड कापलं असेल तर विचार करा.

नळी मोजा. मूळ लांबी २५.२ इंच. त्यापेक्षा आखूड असेल तर नवी नळी लागणार, तीही बसवून घ्यावी लागणार, आणि खर्च बंदुकीच्या किमतीवर जाणार. पुढच्या साइटचा ठोकळा (आपले जुने लोक हिला माशी म्हणत) जागेवर आहे का, मागच्या साइटचं बूड छाटलेलं तर नाही ना, रिसीव्हरला दुर्बिणीसाठी भोकं पाडली आहेत का हे बघा. एखादं भोक मी चालवून घेईन. साइटचं बूडच नसेल तर नमस्कार करून पुढच्या टेबलावर जातो.

नळीत उजेड टाकून बघा. रायफलिंगच्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचांच्या, कडा काळ्या असल्या तरी धारदार दिसल्या पाहिजेत. जुन्या दारूगोळ्याच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे मीठ उरतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. बार काढून आल्यावर शिपाई नळीत उकळतं पाणी ओतायचे ते यासाठी. ज्यांनी ओतलं नाही त्यांच्या नळ्या आतून देवीचे व्रण आल्यासारख्या दिसतात.

तीन प्रकारच्या बंदुका नवख्याने घेऊच नयेत. पहिली डी.पी. खुणेची, ती कवायतीचीच, तिचं कुठलंही अंग गोळी झाडायच्या बंदुकीला लावायचं नाही. दुसरी .४१० ची, म्हणजे पहाऱ्यासाठी रायफलिंग नसलेल्या नळीची केलेली एकबारी. ती आहे तशीच जपावी, पुन्हा .३०३ करायला जाऊ नये. तिसरी ईशापूरचीच २ए किंवा २ए१. ही दिसायला धाकटी बहीण, पण काडतूस ७.६२ चं. मॅगझिन चौकोनी डब्यासारखं दिसलं की सावध व्हा. .३०३ ची अंगं तिला आणि तिची .३०३ ला जमवत बसू नका.

खोलणं, आणि मी केलेला घात

आपल्या हवालदाराच्या भाषेत 'खोलना-जोडना'. जोडना सोपं, बंदुका मोडतात त्या खोलताना.

साधनं फार लागत नाहीत. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारी, दोन्ही बाजू समांतर घासलेली स्क्रूड्रायव्हरची पाती, लाकडी हातोडी, गंज सैल करणारं तेल, आणि बर्फाच्या ट्रेसारखी खणांची पेटी. घरातला पाचरीच्या आकाराचा स्क्रूड्रायव्हर वापरलात तर खाच फाटेल, आणि हे स्क्रू मेट्रिक नाहीत, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. काही स्क्रूंच्या टोकाला ठोका देऊन ते अडकवलेले असतात. जोर लावण्याआधी तेल घालून रात्रभर थांबा.

बोल्ट मागे ओढा, त्याचं पुढचं डोकं उजवीकडून वर उचला, कट् करून सुटेल, मग पूर्ण बाहेर येईल. मॅगझिन काढा. नोजकॅप असेल तर तिचे पुढचे-मागचे स्क्रू काढून ती सरळ पुढे सरकवायची, लाकडी हातोडीने हलके टिचकावत. वाकडी ओढलीत तर आतलं लाकडाचं टोक तुटतं. मग मधलं कडं, पुढचं हँडगार्ड, आणि मागचं हँडगार्ड. हे मागचं नळीला स्प्रिंगच्या चिमट्यांनी धरून असतं आणि साइटच्या दोन्ही बाजूंनी त्याचे पातळ कान जातात. दोन्ही हातांनी सारखं वर उचला. एका बाजूने उचकटलेले कान मी इतके पाहिले आहेत की त्यांचा डबा भरेल. नंतर नळीच्या पोटाखालचा लांब स्क्रू, त्याची स्प्रिंग आणि वॉशर. मग चापाच्या गार्डचे स्क्रू, पुढचा आणि मागचा. गार्ड निघाला की पुढचं लाकूड सरळ खाली, नळीला समांतर ठेवून काढायचं.

आता दस्ता. दस्त्याच्या आतून एक लांब बोल्ट जातो. मागच्या पितळी पट्टीतलं झाकण उघडून, कातड्याची गुंडाळी बाहेर काढली की तळाशी त्याचं डोकं दिसतं. नंबर १ जातीत या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकातल्या लोखंडी पट्टीत अडकलेलं असतं. का? लढाईत बोल्ट सैल होऊ नये म्हणून. त्याचा अर्थ असा की पुढचं लाकूड जागेवर असताना दस्त्याचा बोल्ट फिरवला तर चौकोनी टोक आतल्या आत लाकूड फाडतं.

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या बंदुकीचं कापलेलं लाकूड तसंही टाकूनच द्यायचं होतं, तेव्हा तिथे काही बिघडलं नसतं. पण त्याच आठवड्यात एका मित्राने आपली पूर्ण, न कापलेली रायफल दस्ता डगमगतो म्हणून माझ्याकडे आणली. मी म्हटलं, हात्तिच्या, एक बोल्ट आवळायचा. लांब स्क्रूड्रायव्हर घातला, पाव फेरा दिला. काडी मोडल्यासारखा आवाज झाला आणि ऐंशी वर्षांचं अक्रोडाचं लाकूड मागच्या टोकाशी दोन्हीकडे उभं चिरलं. मित्र काही बोलला नाही, चहा घेऊन गेला. ते लाकूड मी नंतर इपॉक्सी आणि आत आडवी खुंटी घालून सांधून दिलं, पण भेग दिसते. क्रम पाठ करा: आधी पुढचं लाकूड काढायचं, मग दस्ता. जोडताना आधी दस्ता पूर्ण आवळायचा, चौकोन सरळ आणायचा, मग पुढचं लाकूड.

साफसफाई: कमी केलेली बरी

जुनं लाकूड ग्रीस पिऊन काळं झालेलं असतं. उन्हाळ्यात ते काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, जुन्या फडक्यात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवा. संध्याकाळी फडकं ओलं निघेल. असं चार-पाचदा. मग मिनरल स्पिरिटने पुसा. व्हार्निश मारलेलं असेल तर ते रसायनाने काढा. पॉलिश पेपर मात्र लावायचा नाही. लाकडावरच्या तपासनिसांच्या खुणा, शिपायाने कोरलेली अक्षरं, घाव हे सगळं पेपरच्या तीन फटक्यांत जातं आणि परत येत नाही. शिवाय लाकूड घासलं की ते लोखंडाच्या पातळीखाली जातं. एखादा खड्डा फारच खुपत असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवा, वाफेने लाकूड फुगून वर येतं.

वर लावायचं ते जवसाचं तेल. हो, तेच, ज्या जवसाची आपण चटणी करतो. इंग्रज फौज कच्चं जवसतेल वापरायची. हार्डवेअरच्या दुकानात 'बॉइल्ड' नावाने मिळतं त्यात लवकर वाळण्यासाठी रसायनं घातलेली असतात. तेही चालतं, पण कच्च्याचा तांबूस रंग त्याला येत नाही. तळहातावर चार थेंब घ्या आणि लाकूड गरम लागेपर्यंत चोळा. अर्ध्या तासाने उरलेलं पुसून टाका. कच्चं तेल असेल तर दोन-तीन दिवस थांबा, मग पुढचा हात. पहिले काही हात लाकूड घटाघटा पितं, नंतर मंदावतं. घाई करून जाड थर दिला तर तो चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते.

तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. गॅरेज जळालं तर विमा कंपनीला जवसाची गोष्ट पटवून देणं अवघड आहे.

लोखंडाला तेल आणि सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल पुरे. ईशापूरच्या बंदुकांवर काळा रंग फासलेला असतो. नवख्याला तो कुणी गावठी माणसाने मारलेला वाटतो आणि तो खरवडून खाली चकाकतं लोखंड शोधायला लागतो. तो रंग फौजेचाच आहे, राहू द्या. दस्त्याची पट्टी पितळी असेल तर पितांबरी आणि चिंच देवघरातच ठेवा. पितळेवरचा तपकिरी थर यायला ऐंशी वर्षं लागली आहेत.

अंगं जमवणं

यादी आधी करा. कापलेल्या बंदुकीला साधारण हे लागतं: पूर्ण लांबीचं पुढचं लाकूड, दोन हँडगार्ड, नोजकॅप आणि तिचे स्क्रू, मधलं कडं, पट्ट्याच्या कड्या, मागच्या साइटचं संरक्षक आवरण, नळीखालचा लांब स्क्रू त्याच्या स्प्रिंग-वॉशरसह, आणि नोजकॅपच्या जरा मागे लाकडात बसणारी छोटी खुंटी व तिची स्प्रिंग. ही शेवटची जोडी विसरली जाते. दोन्ही वस्तू वाटाण्याएवढ्या, आणि त्यांच्याशिवाय नेम लागत नाही.

लाकूड वापरलेलं मिळालं तर उत्तम. ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या कारखान्याचं लाकूड कोचवूड नावाच्या झाडाचं असतं. फिकट, अक्रोडाहून वेगळं, नवख्यालाही ओळखू येतं. ईशापूरच्या दुरुस्त बंदुकांच्या पुढच्या लाकडात रिसीव्हरखाली एक आडवा स्क्रू घातलेला असतो. लाकूड फाटू नये म्हणून केलेली ही खास तिथली तजवीज. तुम्ही दुरुस्तीचं साल धरलं असेल तर असा स्क्रू असलेलं लाकूड मिळवा, ते चारशे मैलांवर असलं तरी. मला सात महिने लागले.

दस्त्याच्या लांबीच्या चार जाती होत्या. आखूड असेल तर एस, लांब असेल तर एल, त्याहूनही आखूड म्हणजे बॅन्टम असेल तर बी, आणि मधल्याला काहीच खूण नाही. ही अक्षरं दस्त्याच्या वरच्या बाजूला, पितळी पट्टीच्या जरा पुढे असतात. मी पाच फूट पाच इंच. मला एस मिळाला तेव्हा पहिल्यांदा ही बंदूक खांद्याला नीट बसली.

वेगवेगळ्या कारखान्यांची अंगं एकत्र आली म्हणून नाराज होऊ नका. फौजेतल्या आर्मररच्या, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या, हाताला जे लागलं ते त्याने लावलं. नवीन आणलेल्या नोजकॅपवर किंवा बोल्टवर आपला नंबर ठोकून 'जुळवून' मात्र घेऊ नका. ती फसवणूक आहे, आणि जाणकार माणूस ठोक्याच्या ताज्या कडा बघून हसतो.

लाकूड बसवणं: काजळाचं काम

इथे घाई केली तर आधीचं सगळं पाण्यात. नवं लाकूड आणि जुनं लोखंड यांची ओळख करून द्यावी लागते.

गोळी सुटली की लोखंड मागे धक्का मारतं. तो धक्का घेतात पुढच्या लाकडाच्या आतले दोन छोटे उभे चेहरे, इकडे त्यांना ड्रॉज म्हणतात. दोन्ही चेहरे लोखंडाला सारखे टेकले पाहिजेत. एकच टेकला तर लाकूड त्या बाजूने फाटतं. कोणताच टेकला नाही तर लाकूड मागे सरकून दस्त्याच्या कड्यावर आपटतं आणि शेपटाकडून उकलतं. त्या मागच्या टोकाशी पोस्टकार्ड जाईल एवढी फट हवी.

टेकतं कुठे हे कळायला काजळ लागतं. दुकानात यासाठी महागडी बाटली मिळते, पण तिच्यातही काजळीच असते. आईने करायची तसं तुपाच्या दिव्यावर ताट धरून मी ते केलं आणि थेंबभर तेलात कालवलं. लोखंडाला पातळ फासायचं, लाकूड वर चढवायचं, गार्डचा स्क्रू आवळायचा, परत काढायचं. काळे डाग पडले ते उंचवटे. तेवढेच पटाशीने कागदाइतके सोलायचे. परत फासा, परत चढवा. माझे चाळीसेक फेरे झाले. आदल्या रात्री डाव्या चेहऱ्यावर मुगाएवढा ठिपका होता, दुसऱ्या दिवशी दोन्ही चेहऱ्यांवर नखाएवढे सारखे डाग आले, तेव्हा मी बायकोला खाली बोलावून दाखवलं. तिने विचारलं, माझी काजळाची डबी कुठे आहे? ती मी घेतलेली नव्हती, हे तिला अजून खरं वाटत नाही. चेहरे झिजून खोल गेले असतील तर तिथे कठीण लाकडाचे तुकडे इपॉक्सीने बसवून मग हेच करायचं. लिथगोवाले तिथे तांब्याच्या पट्ट्या घालत.

नळी चेंबरजवळ लाकडावर ठाम बसली पाहिजे, तिथून पुढे दोन्ही बाजूंना मोकळी. पोटाखालचा स्प्रिंगवाला स्क्रू तिला खाली धरतो, टोकाशी ती छोटी खुंटी तिला वर रेटते. लाकूड कुठेही मध्ये घासत असेल तर दोन-चार गोळ्यांत नळी तापते आणि नेम भटकायला लागतो.

गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवती एक छोटी नळकांडी असते. ती हरवलेली असेल तर मिळवाच. ती नसेल तर स्क्रू आवळताना लाकूड दबत जातं. आणि या जातीत चाप गार्डला जोडलेला, तर तो ज्याला ओढतो ते सीअर, म्हणजे ताणलेला बोल्ट अडवून धरणारा खटका, रिसीव्हरला. मध्ये लाकूड. लाकूड दबलं किंवा आटलं की चाप आणि सीअर यांच्यातलं अंतर बदलतं, चापाचे दोन टप्पे बिघडतात आणि बंदूक धक्क्यानेही सुटू शकते. म्हणून जोडणी झाल्यावर, रिकाम्या बंदुकीचा बोल्ट ताणून दस्ता रबरी चटईवर हलकेच आपटून बघा. सुटली तर काम संपलेलं नाही.

गोळी झाडण्याआधी

हे स्वतः ठरवायचं नाही, गनस्मिथकडे, म्हणजे बंदुकांच्या कारागिराकडे, जायचं. तो हेडस्पेसचं, म्हणजे मिटलेल्या बोल्टच्या तोंडापुढे काडतुसाच्या काठाला उरणाऱ्या जागेचं, गेज लावतो: ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, ०.०७४ च्या गेजवर मिटता कामा नये. बोल्टचा नंबर रिसीव्हरशी जुळत नसेल तर हे दुप्पट जरुरीचं, कारण बोल्टचे कान ज्या त्या रिसीव्हरला मिळवून बसवलेले असत. माझ्या बोल्टचा नंबर जुळत होता, तरी मी पैसे मोजले. गनस्मिथने गेज लावलं, मान डोलावली आणि विचारलं, ही अक्षरं कुठली? मी म्हटलं, कलकत्त्याजवळची.

रेंजवर पहिल्या दिवशी गोळ्या १०० यार्डांवर दोन-तीन इंच वर लागल्या तर कानस हातात घेऊ नका. मागच्या साइटची पट्टी २०० यार्डांपासून सुरू होते, त्यामुळे जवळ ती वर मारणारच. फारच खाली लागत असतील तर पुढची माशी बदलायची. ती वेगवेगळ्या उंचीची मिळते, ठेंगणी बसवली की गोळी वर जाते. डावं-उजवं करायला तीच खाचेत बाजूला सरकवतात, आणि उलट्या दिशेने: गोळी डावीकडे जात असेल तर माशीही डावीकडे. हे पाठ होईपर्यंत मी निशाण्यापासून दूर दूर जात राहिलो.

घरी आल्यावर काडतुसं नव्या काळातली असली तरी पुलथ्रू, म्हणजे चिंदी बांधलेली साफसफाईची दोरी, नळीतून ओढा, चिंदी चार इंच बाय दोन इंच, त्याहून जाड घातली तर नळीत अडकते. आणि पुढच्या वेळी पुढचं लाकूड खाली उतरवाल तेव्हा आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा: कोणतं अंग बदललं, कुठून आणलं, कोणत्या महिन्यात. माझ्या बंदुकीच्या आत मी ते मराठीत लिहिलं आहे. कापलेल्या जुन्या लाकडाचा तुकडाही शेवटी फेकला नाही, त्याला चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवला आहे.